वाफेची फुंक आणि बळीरामचे कान

सुरतेजवळ हजीऱ्याच्या त्या कारखान्यात नवा बॉयलर उभा राहिला तेव्हा १९९६चा फेब्रुवारी संपत आला होता. बॉयलर कोरा करकरीत, वाफेचे नळही कोरे. पण नळांच्या पोटात वेल्डिंगचे खडे, गंज, लोखंडाचा कीस असं काय काय अडकलेलं होतं. त्यातला एक खडा जरी पुढे टर्बाइनमध्ये गेला असता तरी पाती फुटली असती. म्हणून नळ आधी वाफेनेच धुवून काढायचे होते. बॉयलरमध्ये वाफ कोंडायची, दाब चढला की व्हॉल्व्ह उघडायचा आणि सगळी वाफ एका मोकळ्या तोंडाच्या नळातून आभाळात सोडून द्यायची. मिनिट, दीड मिनिट. मग पुन्हा कोंडायची, पुन्हा सोडायची. साहेब लोकांकडे या कामाला इंग्रजी नाव होतं. कामगार नुसतं ‘फुंक’ म्हणत. फुंक मारायच्या आदल्या दिवशी खाडीपलीकडच्या गावांत जीप फिरवून सांगून ठेवलं होतं, की मोठा आवाज होईल, गुरं बांधून ठेवा.

ज्या चौघांना त्या नळाजवळ उभं राहायचं होतं त्यांत बळीराम होता.

बळीराम परभणीकडचा, जिंतूरजवळच्या गावचा. सुरतेत येऊन त्याला बारा वर्षं झाली होती. त्यातली पहिली दहा वर्षं त्याने लिंबायतच्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात काढली. पत्र्याचं छप्पर, चाळीस माग, आणि मागामागांत एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा. तिथे बोलायची सोयच नव्हती. ओठांवरून समजून घ्यायचं, हाताने सांगायचं. पुढे ९४ साली प्लेगची आवई उठली, तेव्हा अर्ध्या गल्लीबरोबर तोही बायकापोरं घेऊन गावी पळाला. महिन्याने परत आला तर त्याच्या मागांवर दुसरा माणूस. इकडेतिकडे हमाली करत शेवटी एका ठेकेदाराच्या हाताखाली तो हजीऱ्याला लागला. लागताना ठेकेदाराच्या माणसाने विचारलं होतं, “डोळे, कान, छाती, सगळं ठीक ना?” बळीरामने त्याच्या ओठांकडे बघून प्रश्न ओळखला आणि मान हलवली.

कान ठीक नव्हते. किती बिघडलेत हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. ते त्याने कधी मापून पाहिलं नव्हतं आणि मापायची त्याला भीती वाटत होती. माणूस समोर असला की काम भागायचं. पाठीमागून कुणी हाक मारली की मात्र तो तसाच चालत राहायचा, आणि लोक म्हणायचे, बळीराम जरा घुमा आहे. त्याने ते नाव चालवून घेतलं. बहिरा म्हणण्यापेक्षा घुमा म्हटलेलं बरं. बहिऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात कोण ठेवणार?

पहिल्या फुंकेच्या सकाळी सेफ्टीवाले साहेब, अभिजीत, चौघांना घेऊन बसले. साहेब तिशीच्या आतबाहेरचे, नाशिकचे. त्यांनी प्रत्येकाच्या हातात दोन वस्तू दिल्या. एक, फोमचे पिवळे बोळे, बोराएवढे, दाबले की चपटे होणारे. दुसरी, कानांवर बसवायचे लाल मफ, वाटीसारखे दोन कप आणि मध्ये डोक्यावरून जाणारी पट्टी.

“दोन्ही घालायचं,” साहेब म्हणाले. “आत बोळे, त्यावर मफ. एकाने भागणार नाही.”

रामदास नावाचा वर्ध्याकडचा फिटर होता, बोलका माणूस. तो म्हणाला, “साहेब, एकावर एक काऊन? लोकं थंडीत सुदिक येवढं बांधत नाहीत.”

चौघे हसले. साहेबही हसले, पण बोलणं त्यांनी सोडलं नाही. आवाज किती मोठा, अंतर किती, काय काय सांगत राहिले. बळीराम त्यांच्या ओठांवरून जमेल तेवढं उचलत होता. मग त्यांनी बोळे घालून दाखवले. बोटांनी वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा.

बळीरामने तसं केलं. वरून मफ चढवले. आणि जग संपलं.

मागाच्या कारखान्यात त्याने गोंगाटात दहा वर्षं काढली होती, पण अशी शांतता त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. समोर रामदासचे ओठ हलत होते, पंप चालू होते, मागून क्रेन जात होती, आणि कशालाच आवाज नव्हता. उरली फक्त एक किर्रर. बारीक, धारदार, न थांबणारी. गेली तीनचार वर्षं ती त्याला ऐकू येत होती. बाहेर कुठेतरी वाजतंय, ट्रान्सफॉर्मरची असेल, शेजारच्या पंख्याची असेल, अशी तो स्वतःची समजूत घालत आला होता. आता बाहेरचं सगळं बंद होतं आणि तरी ती होतीच. म्हणजे ती डोक्यातच होती.  पुढेमागे आपल्याला एवढंच ऐकू येणार, बाकी काही नाही, असं त्याला एकाएकी वाटलं, आणि त्याच वेळी पाठीमागून कुणीतरी येतंय असं वाटून तो गर्रकन वळला. कुणी नव्हतं.

नळाजवळच्या लोखंडी माचावर चढायच्या आधी, शिडीच्या आडोशाला, त्याने बोळे काढून खिशात टाकले. घाम टिपायला डोक्याला गमछा बांधला आणि त्यावरून मफ घातले. एवढं पुरे, त्याने ठरवलं.

फुंक सुटली ती अकरा वाजता.

आवाज असा आलाच नाही. छातीवर कुणीतरी पोतं आपटावं तसं झालं. दात एकमेकांवर वाजले, डोळ्यांपुढचा कठडा दुहेरी दिसायला लागला. मफ आणि कान यांच्यामध्ये गमछ्याची घडी होती, त्या फटीतून तापलेली सळई घालावी तसं काहीतरी आत शिरलं. बळीरामने दोन्ही हातांनी कप दाबून धरले. गमछा ओढून काढायचा तर मफ उचलावे लागले असते, आणि तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती. दीड मिनिट. त्या दिवशी अशा तीन फुंका झाल्या.

सुटीच्या वेळी त्याने मफ काढले, आणि काहीच बदललं नाही. रामदास बोलत होता. ओठ दिसत होते. कंपनीची बस सुरू झाली ती त्याला सीटच्या थरथरीवरून कळली. तापीच्या पुलावर गर्दीत बस अडकली, ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला. हात दिसला, हॉर्न नाही. घराजवळ उधन्याला उतरून तो रस्ता ओलांडत होता तेव्हा एक टेम्पो त्याच्या कोपराला घासून गेला. टेम्पोवाला मान बाहेर काढून काहीतरी बोलत लांब गेला. बळीराम दुभाजकाला धरून कितीतरी वेळ उभा राहिला. पाय पुढे टाकायचा धीर होईना. शेवटी रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हातारीच्या मागोमाग, तिच्या पदराकडे नजर ठेवून, तो पलीकडे गेला.

घरी त्याची बायको इंदुबाई भाकरी थापत होती. तिची पाठ दाराकडे होती. शीतल, त्याची आठ वर्षांची मुलगी, पाटी घेऊन बसलेली. इंदुबाईचे खांदे हलत होते, म्हणजे ती बोलत असावी. तिने वळून पाहिलं, कपाळाला आठी. बळीराम म्हणाला, “डोकं दुखायलंय.” स्वतःचा आवाजही त्याला ऐकू आला नाही. तो किती मोठ्याने बोलला कुणास ठाऊक, पण शीतल दचकली. तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडला. डोक्यात किर्रर आता शंभर पट होती. त्याने शेजारी पडलेली स्टीलची वाटी उचलून हळूच फरशीवर आपटली. मग जरा जोरात. नाही. इंदुबाई येऊन समोर उभी राहिली आणि त्याच्या हातून वाटी काढून घेतली. तिला वाटलं, माणूस रागात आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थोडं थोडं परत आलं. आधी ट्रकसारखे जाड आवाज, मग माणसांचे, भिंतीपलीकडून आल्यासारखे. त्याचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. पुढची फुंक दोन दिवसांवर होती.

कँटीनमध्ये अभिजीत साहेब त्याच्या समोर येऊन बसले. “काल मी तुम्हाला मागून चार हाका मारल्या,” ते म्हणाले.

बळीराम म्हणाला, “लक्ष नव्हतं, साहेब.”

“बोळे घातले होते का?”

 खोटं बोलायला त्याने तोंड उघडलं, पण खिशातले बोळे त्याने दोन दिवस तसेच बाळगले होते आणि त्याचा हात आपोआप तिकडे गेला. साहेबांनी ते पाहिलं. ते चिडले नाहीत. त्यांनी चहाचा ग्लास बाजूला सरकवला.

“का काढले?”

“भ्या वाटतं, साहेब,” बळीराम म्हणाला. “दोन्ही घातलं की मानूस इहिरीत पडल्यागत होतं. मागून काय यायलंय, कोन बोंबलायलंय, कायबी कळत न्हाई. वाफ अंगावर आली तर कळायचं बी न्हाई.”

 साहेब म्हणाले, “ही भीती खरी आहे. हे मीच आधी बोलायला हवं होतं.” त्यांनी सावकाश, तोंड त्याच्याकडे ठेवून सांगितलं. दोन्ही घातल्याने आवाज दुप्पट अडतो असं नाही. एकापेक्षा थोडासाच जास्त अडतो, कारण काही आवाज कवटीच्या हाडांतूनच आत जातो. पण त्या नळाजवळ तो थोडासाच भाग वाचवणारा होता. आणि त्यांनी खालून पाहिलं होतं तसं गमछ्यावरून मफ घालणं म्हणजे दार लावून खिडकी उघडी टाकण्यासारखं. कप चामडीला चिकटून बसला पाहिजे. बोळा नीट बसला की नाही ते कसं ओळखायचं, तर स्वतःशी बोलून बघायचं. आपला आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा आतून घुमला, की बसला.

“आणि मागून काय येतंय ते?” बळीरामने विचारलं.

“त्याला उपाय मलाही सुचत नाहीये. फिरता लाल दिवा आहे, पण तो तुमच्या पाठीमागे येतो.”

बळीराम म्हणाला, “दोरी बांधा, साहेब.”

“कसली दोरी?”

“दोघांच्या मनगटाला. मागावर आमी पायाला सुतळी बांधायचो, पल्याडच्या मानसाला बोलवायचं तर झटका द्यायचा. एक झटका म्हंजी बघ. दोन म्हंजी बंद कर. वढतच राह्यलं तर पळ.”

पुढच्या फुंकेच्या दिवशी रामदासच्या डाव्या मनगटाला आणि बळीरामच्या उजव्या मनगटाला चार हात लांबीची दोरी होती. रामदास म्हणाला, “लग्नातबी येवढं बांधलं नव्हतं मले,” आणि मग त्यानेही निमूट बोळे वळायला घेतले.

बळीरामने डोक्याला गमछा बांधला नाही. बोळा घातला, धरून ठेवला, मनातल्या मनात तीस मोजले. “इंदे,” तो स्वतःशी म्हणाला. आवाज रांजणातून आल्यासारखा घुमला. मफ चढवले. विहीर पुन्हा मिटली. किर्रर होतीच, आणि तिच्याबरोबर आता स्वतःच्या काळजाचे ठोके.  दोरीच्या दुसऱ्या टोकाला रामदास कसा ऐटीत उभा होता, त्याच्याकडे बघून त्याने हात कठड्यावर ठेवले.

त्यांचं काम साधं होतं. रामदासने दाबाच्या काट्याकडे बघायचं आणि बळीरामने हाताने फिरवायच्या छोट्या व्हॉल्व्हपाशी थांबायचं. पायाखाली लोखंडी जाळी, खाली वीस फूट मोकळं. पहिली फुंक नीट गेली. छाती हादरली, दात वाजले, पण कान शाबूत होते. दुसरीही गेली.

तिसऱ्या फुंकेला जाळी थरथरायला लागली तेव्हा बळीरामला पायांच्या तळव्यांत काहीतरी वेगळं लागलं. मोठी थरथर ओळखीची होती. पण तिच्यात एक बारीक, कडक, टोचरी थरथर मिसळली होती. मागावर असं व्हायचं. धागा नेणारा धोटा उडण्याआधी, पट्टा सुटण्याआधी, कानाला कळायच्या कितीतरी आधी ते तळव्यांना कळायचं. तिथे कान तर कामाचेच नव्हते. त्याने इकडेतिकडे पाहिलं. सगळं जिथल्या तिथे. पांढरी वाफ वर, लांब, नळाच्या तोंडाशी. जवळपास कुठे धूर नाही, पाणी नाही. रामदास काटा नीट दिसेना म्हणून दोन पावलं पुढे निघाला होता, दोन नळ जिथे बोल्टांनी जोडले होते त्या जोडाच्या बाजूला.

त्या जोडाजवळ कठड्याला कुणीतरी गोणपाटाचा तुकडा टांगून ठेवला होता. बळीरामने पाहिलं, तो तुकडा वारा नसताना आडवा झाला, आणि त्याच्या मधोमध एक रेघ पडली. कात्रीने कापावी तशी. खालचा भाग गळून पडला.

तापलेली वाफ फुटलेल्या जागी दिसत नाही, हे साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ते शब्द त्याने ओठांवरून अर्धेच उचलले होते. आता अंगावर काटा आला तेव्हा उरलेले कळले. तो ओरडला. त्याचं ओरडणं त्याच्याच डोक्यात घुमून विरलं. रामदासने आणखी अर्धं पाऊल टाकलं.

बळीरामने दोरी दोन्ही हातांनी धरली आणि अंग मागे झोकलं. ओढतच राहिला. रामदासचा हात मागे आला, तो वळला, तोंड रागाने भरलेलं, मग तोल जाऊन जाळीवर आदळला. बळीरामने त्याला पोत्यासारखं शिडीपर्यंत ओढत आणलं. रामदास शिव्या देत असावा. बळीरामने त्याचं तोंड धरून कठड्याकडे वळवलं. गोणपाटाचा उरलेला तुकडा तेवढ्यात दोरासकट उडून गेला. रामदासने ते बघितलं आणि त्याचे ओठ हलायचे थांबले.

खाली लाल दिवा फिरला, वाफ बंद झाली. रामदासचा गुडघा फुटला होता. बळीरामच्या मनगटाची सालं निघाली होती. अभिजीत साहेब धावत आले, जोडाजवळ जाऊन दोन नळांमध्ये दाबून बसवलेलं, आता फाटलेलं गॅस्केट पाहून आले, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“तुम्हाला कसं कळलं?” त्यांनी विचारलं.

“पायाला,” बळीराम म्हणाला.

“पायाला कसं?”

आता खरं सांगावं लागणार हे त्याला कळलं. गोणपाट कापताना पाहिलं त्याहून त्या क्षणी त्याला जास्त भीती वाटली. ठेकेदाराचा माणूस शेजारीच उभा होता. बळीराम खाली बघत म्हणाला, “साहेब, मला लई वर्सांपासून नीट ऐकू येत न्हाई. म्हून पायाकडं ध्यान असतं. लागताना मी खोटं बोललो.”

ठेकेदाराचा माणूस तिथल्या तिथे म्हणाला, “मग उद्यापासून याला नको.” बळीरामने ते त्याच्या ओठांवर वाचलं. 

रामदास जमिनीवर बसून गुडघ्याला फडकं बांधत होता. तो वर न बघता म्हणाला, “याले काढलं तर माह्या मनगटाले दुसरी दोरी बांधू नका. मीबी येत नाही.”

पुढे आठ दिवस बळीरामचं काय होणार हे ठरलं नाही. दरम्यान साहेबांनी त्याला रिंग रोडवरच्या कानाच्या एका डॉक्टरीणबाईकडे पाठवलं. काचेच्या खोलीत बसवून कानांवर यंत्र लावलं. आवाज आला की बोट वर करायचं. पुष्कळदा त्याने बोट वर केलं नाही आणि बाई कागदावर खूण करत राहिली. शेवटी तिने कागद दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ होती, मग दरीत कोसळली होती. “जे गयुं ते गयुं, भाई,” बाई म्हणाली. “बाकी छे ए साचवो.” गेलं ते येणार नाही, उरलंय ते जपा. बारीक आवाज गेले होते. जाड राहिले होते.

त्या संध्याकाळी त्याने तो कागद इंदुबाईपुढे ठेवला. तिला रेघ कळेना, म्हणून तोंडाने सांगावं लागलं. तो सांगत गेला. कारखान्यातली फुंक, खोटं, गोणपाट, सगळं. इंदुबाई ऐकत होती. मग ती त्याच्या समोर सरकून बसली.

“किती वर्सं झाली?”

“चारपाच.”

“चारपाच वर्सं मी चुलीपासून बोलते, तुम्ही वळून बघत न्हाई,” ती म्हणाली. “मला वाटलं, मानसाला आपलं बोलनंच नकोसं झालंय. म्हून मी बी बोलायचं कमी केलं.”

 इंदुबाईने डोळ्यांना पदर लावला, आणि मग एकदम तिला काहीतरी सुचलं आणि तिचा चेहरा बदलला. “शीतलचं ऐकू येतं का तुम्हाला? तिचा आवाज लई बारीक हाय.”

“समोर असली की येतं.”

“आनि मागून?”

“न्हाई.”

शीतल दाराशी उभी होती. ती हळूच आली, बापाच्या समोर बसली आणि मोठमोठे ओठ हलवत त्याला शाळेतलं काहीतरी सांगू लागली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कधी पाठीमागून बोलली नाही.

बळीरामला कामावरून काढलं नाही. अभिजीत साहेबांनी नेमकं काय लिहून दिलं ते त्याला कळलं नाही. उरलेल्या फुंका संपेपर्यंत दोरी त्याच्याच हाताला राहिली, आणि नंतर त्याला पाण्याच्या टाक्यांकडे, जरा शांत जागी, लावलं. उरलेल्या अकरा फुंकांत एकही जोड फुटला नाही. तरीही दर वेळी तो बोळा धरून तीस मोजायचा, आणि मफ चढवले की दर वेळी पहिला विचार यायचा, की काढून टाकावे. काढले मात्र नाहीत.

एका रविवारी तो लिंबायतला त्याच्या जुन्या कारखान्यात गेला. खिशात बोळ्यांच्या वीस जोड्या होत्या, साहेबांनी दिलेल्या. दाराशीच त्याच्या तळव्यांना चाळीस मागांची थरथर लागली आणि त्याला आत पाऊल टाकवेना. त्याच्या जुन्या मागावरचा माणूस आतून बाहेर आला, हसला, आणि बोळे हातात घेऊन उलटसुलट बघू लागला. “काय करायचंय?” त्याने विचारलं. बळीरामने त्याचा हात धरून त्याला उजेडात नेलं, त्याच्या कानाची पाळी वर आणि मागे ओढली, आणि कसं घालायचं ते दाखवायला सुरुवात केली.